मुक्त आज्ञावलींची बांधणी आणि मराठी अक्षर : एक ऐतिहासिक टिपण

महाड तालुक्यातील शिवथर घळ आणि पोलादपूर येथील कवींद्र परमानंदाची समाधी ही दोन स्थळे परस्परांपासून फार दूर नाहीत. पहिल्या ठिकाणी दासबोधाची रचना झाली असे परंपरा सांगते. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० साली ती घळ शोधून काढली, तेव्हापासून ही परंपरा त्या स्थळाशी दृढ जोडली गेली आहे. दुसरे स्थळ शिवभारतकाराचे. एक ग्रंथ मराठी, दुसरा संस्कृत; परंतु मुद्रणपूर्व काळात दोहोंचे भवितव्य नक्कल करणाऱ्याच्या हाती होते. दासबोधाच्या प्रती मठामठांतून होत राहिल्या. शिवभारताची प्रत तंजावरास टिकून राहिली आणि सदाशिव महादेव दिवेकर यांनी १९२७ साली तो ग्रंथ प्रसिद्ध केला. तोही बत्तिसाव्या अध्यायापाशी तुटलेला.

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेवर आहे. तो सामान्यतः सुलेखनाचा पाठ म्हणून वाचला जातो. आमच्या मते त्याचा खरा विषय ग्रंथ शाबूत पोहोचवणे हा आहे. पानाच्या कडेने जागा सोडावी, म्हणजे कागद झिजला तरी अक्षर झिजणार नाही. पहिल्या अक्षरापासून अखेरच्या अक्षरापर्यंत सारा ग्रंथ एकाच लेखणीने उतरला असे वाटावे. कागद, शाई, लेखणी ही साधने आधी पारखून सिद्ध करावी. या सूचनांमागे एक भीती आहे : मूळ रचना उत्तम असूनही वाचकाच्या हाती पोहोचेपर्यंत ती बिघडू शकते, आणि बिघाड कोठे झाला हे वाचकाला कळतही नाही.

हीच भीती आज संगणकाच्या आज्ञावलींच्या संदर्भात पुन्हा उभी राहिली आहे. विशेषतः ज्या आज्ञावलींची मूळ संहिता सर्वांना वाचावयास व बदलावयास खुली असते, अशा मुक्त आज्ञावलींच्या बाबतीत नक्कल करण्याचे काम यंत्राकडे कसे गेले आणि त्या स्थित्यंतराचा मराठी अक्षराशी काय संबंध पोहोचला, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम संज्ञा स्पष्ट करू. आज्ञावली मनुष्य लिहितो ती मूळ संहिता होय. तिचे यंत्राला चालवता येईल अशा रूपात परिवर्तन करावे लागते. तिला आणखी कोणत्या आज्ञावलींचा आधार लागतो ते सांगावे लागते. तिचे भाग यंत्रात कोठे ठेवावयाचे हे ठरवावे लागते. आणि उद्या ती काढून टाकावयाची झाल्यास काय काय काढावे याची यादी जपावी लागते. हे सारे एकत्र बांधले म्हणजे पॅकेज तयार होते. काही मराठी अनुवादांत यासाठी ‘संकुल’ हा शब्द योजलेला आढळतो. तो आम्हास रुचत नाही. संकुल म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर इमारतींचा समूह येतो, उचलून नेण्याची वस्तू येत नाही. ‘पुडके’ किंवा ‘गाठोडे’ हे शब्द घरगुती वाटतात खरे, परंतु अर्थाला अधिक जवळचे आहेत. पेशवे दप्तरातील कागद ‘रुमालां’त बांधलेले असत, हेही या प्रसंगी आठवावे.

बांधणी प्रवासाच्या वाटेवर अवलंबून असते. जुन्या काळी घाटावरचा माल बैलाच्या पाठीवरील गोणीतून उतरे आणि महाडच्या बंदरात सावित्रीच्या भरतीवर चालणाऱ्या लहान गलबतात चढे. मोठी गलबते दासगावपाशी थांबत. गोणी बैलाच्या पाठीला बसेल अशी असावी लागे. गलबतातल्या मालाला ओलीची काळजी. माल एकच असला तरी बांधणी निराळी. संगणकाच्या जगात विंडोज, मॅक आणि लिनक्सची अनेक कुळे या अशाच निराळ्या वाटा आहेत. एकीसाठी बांधलेले पुडके दुसरीवर उघडतच नाही.

आरंभी हे काम हातानेच होई. युनिक्सच्या काळात मूळ संहिता एका गठ्ठ्यात मिळे आणि ज्याने त्याने आपल्या यंत्रावर ती उभी करावी असा रिवाज होता. १९७६ साली बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ ही आज्ञावली केली. कोणता भाग कोणत्या भागावर अवलंबून आहे हे एकदा लिहून ठेवले की बदललेला तेवढाच भाग ती नव्याने बांधी. १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी ‘ऑटोकॉन्फ’ची निर्मिती केली, तिच्या साह्याने मूळ संहिता स्वतःच यंत्राची विचारपूस करू लागली. तुझ्यापाशी अमुक ग्रंथालय आहे काय, तमुक सोय कोणत्या नावाने आहे, असे शेकडो प्रश्न विचारून ती आपली बांधणी जुळवून घेई. या विचारपुशीची लिपी इतकी दुर्बोध असे की ती क्वचितच कोणी वाचत असे. या गोष्टीचे परिणाम पुढे ध्यानात येतील.

खरे वळण १९९३ नंतरचे. त्या वर्षी इयान मर्डॉक यांनी डेबियनची स्थापना केली. तिच्यासाठी १९९४ मध्ये ‘डीपीकेजी’ हे साधन आकारास आले. रेड हॅटसाठी मार्क युइंग आणि एरिक ट्रोअन यांनी १९९५ मध्ये ‘आरपीएम’ तयार केले. दोहोंनी एक नवे पात्र इतिहासात आणले, ते म्हणजे पॅकेजचा सांभाळकर्ता. मूळ लेखक निराळा आणि सांभाळकर्ता निराळा. लेखक संहिता लिहितो. सांभाळकर्ता ती आपल्या प्रणालीत कशी बांधावी याची कृती लिहितो. आरपीएमच्या पद्धतीत ही कृती एकाच लेखात असते : नाव, आवृत्ती, मुळाचे ठिकाण, लागणारी साधने, बांधणीच्या पायऱ्या, ठेवण्याच्या जागा, शेवटी बदलांची नोंदवही. डेबियनच्या पद्धतीत तीच माहिती अनेक लहान लेखांत विभागलेली असते आणि त्यांत स्वामित्वाधिकाराची नोंद स्वतंत्रपणे करावी लागते.

एका पुड्याचे दुसऱ्यात रूपांतर करण्यासाठी ‘एलियन’ नावाचे साधनही झाले. ते उपयोगी होते, परंतु त्याचे काम लिप्यंतराचे होते, भाषांतराचे नव्हते. एका प्रणालीत ज्या आधाराचे नाव एक, त्याचे दुसरीत भलतेच असे. वेष्टन बदलता येई. आतील संबंध बदलत नसत.

डेबियनच्या १९९६ मधील १.१ या आवृत्तीत ४७४ पॅकेजे होती. २०२३ च्या बाराव्या आवृत्तीत ती ६४,००० हून अधिक झाली. ही वाढ हाताने बांधणे केवळ अशक्य होते. येथे एक मौजेची गोष्ट नमूद करावीशी वाटते. स्वयंचलित बांधणीची पहिली निकड सर्वांत वेगवान यंत्रांना भासली नाही. ती भासली मोटोरोलाच्या एम ६८-के या मंद, मागे पडत चाललेल्या जातीच्या यंत्रांना. एकेक पॅकेज बांधण्यास इतका वेळ लागे की मनुष्याने समोर बसून राहणे परवडेना. तेव्हा रोमन होडेक यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अशी व्यवस्था रचली की यंत्रांनी स्वतःच कामाची यादी पाहावी, पुढचे पॅकेज उचलावे, बांधावे आणि निकाल कळवावा. हीच व्यवस्था नंतर डेबियनच्या सर्व यंत्रजातींना लागू झाली. फेडोराने ‘कोजी’ उभारली. सूसेच्या मंडळींनी २००६ मध्ये जी बांधणीशाळा खुली केली, तिच्यात एका ठिकाणी बसून सूसे, फेडोरा आणि डेबियन अशा भिन्न कुळांची पुडकी बांधून घेण्याची सोय होती.

पुढील दशकात हे काम प्रकल्पाच्या अंगणातच आले. लेखकाने संहितेत एक ओळ बदलली की दूरची यंत्रे जागी होतात आणि लिनक्स, विंडोज, मॅक या तिहींवर बांधणी व चाचणी होते. पायथन भाषेच्या ग्रंथालयांसाठी २०१६ मध्ये ठरलेला ‘मेनीलिनक्स’ हा संकेत या दृष्टीने अभ्यासनीय आहे. त्याचे तत्त्व असे की बांधणी मुद्दाम जुन्या प्रणालीवर करावी. पहिल्या संकेतासाठी तर सेंटओएसची पाचवी आवृत्ती घेतली होती. जुन्यावर बांधलेले नव्यावर चालते, नव्यावर बांधलेले जुन्यावर चालत नाही. जुनी बोली येणारा वक्ता नव्या सभेत निभावून नेतो, उलट घडत नाही, असे भाषाशास्त्राच्या परिभाषेत म्हणता येईल. मात्र हे साम्य फार ताणू नये.

आता मराठीकडे वळू. १९९० च्या दशकातील मराठी टंकांची स्थिती ज्यांना आठवते त्यांना पुडक्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. प्रत्येक कंपनीच्या टंकाची आतील क्रमवारी स्वतंत्र होती. मजकूर एका टंकात टंकलिखित केला आणि वाचणाऱ्यापाशी तो टंक नसला, तर पडद्यावर रोमन अक्षरांची व चिन्हांची खिचडी उमटे. १९९१ च्या इस्की मानकाने भारतीय लिप्यांना एक समान संकेत दिला आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. परंतु संकेत असणे आणि त्या संकेताला अक्षररूप देणारा टंक प्रत्येक यंत्रावर असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ हा टंक आला. मुक्त प्रणालींच्या बाजूस मात्र मुक्त परवान्याचा देवनागरी टंक मिळणे कठीण होते.

ही उणीव भरून निघाली ती बऱ्याच अंशी पुण्यातून. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या संस्थेने सिद्ध केलेले काही भारतीय टंक रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केले. त्यांचे नाव ‘लोहित’, म्हणजे तांबडा; रेड हॅटच्या नावाचाच तो संस्कृत प्रतिध्वनी. २०११ मध्ये त्यांचा परवाना बदलून टंकांसाठी रचलेला मुक्त परवाना लागू झाला. लोहितची पुढील घडण रेड हॅटच्या पुणे येथील अभियंत्यांच्या हातून झाली. फेडोरात त्याचे पॅकेज एका नावाने, डेबियनमध्ये दुसऱ्या नावाने बांधले गेले. मराठीसाठी लोहित मराठी असे स्वतंत्र पॅकेजही निघाले. पुढे अनेक ठिकाणी गूगलच्या ‘नोटो’ मालेला अग्रस्थान मिळाले, हे खरे. तरी मुक्त प्रणालीवर मराठी वाचणाऱ्यांच्या एका पिढीची अक्षरओळख लोहितनेच झाली.

टंकाच्या बाबतीत स्वयंचलित बांधणी म्हणजे काय? टंकाची मूळ संहिता म्हणजे अक्षरांच्या बाह्यरेषा आणि त्या कोणत्या प्रसंगी कशा जोडाव्या याचे लेखी नियम. बांधणीच्या वेळी फॉन्टफोर्जसारखे साधन या दोहोंतून टंकाची अंतिम प्रत घडवते. नियमांत चूक राहिली तर ती त्या पुडक्याच्या प्रत्येक प्रतीत उतरते, आणि हजारो यंत्रांवर एकाच रात्रीत पोहोचते. नक्कलकाराची चूक एका प्रतीत राही आणि पाठभेद म्हणून पुढे ओळखता येई. येथे पाठभेदच उरत नाही. संहितासंपादनाची सवय असलेल्या वाचकाला या फरकाचे गांभीर्य लगेच कळेल.

मराठीचा खास अडचणीचा प्रसंग अर्ध्या ‘र’चा आहे. महाडच्या एका अंगास दर्या आहे आणि दुसऱ्या अंगास सह्याद्रीच्या दऱ्या आहेत. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ या दोन शब्दांचा भेद केवळ र-काराच्या आकारावर उभा आहे. एकात रफार शिरोरेषेवर जातो, दुसऱ्यात र आडवा होऊन पुढच्या अक्षराला टेकतो. आचार्यास आणि आचाऱ्यास ही जोडी आपण वर्गात नेहमी सांगतो. हिंदीला या आडव्या र-काराची गरज नाही. त्यामुळे देवनागरीची चाचणी केवळ हिंदी मजकुरावर घेतली तर हा नियम मोडला असल्याचे कधीच दिसणार नाही. युनिकोडमध्ये हे रूप दोन मार्गांनी लिहिता येते : नुक्तायुक्त ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. एकच शब्द दोन वर्णक्रमांनी लिहिला गेल्यावर शोध घेताना त्याची काय अवस्था होते, हा स्वतंत्र निबंधाचा विषय आहे.

आणखी एक गोष्ट अशी की टंक एकटा काही करू शकत नाही. त्याचे नियम वाचून अक्षरे जुळवणारी दुसरी आज्ञावली लागते. २००० नंतरच्या दशकात मुक्त प्रणालीवर अशा जुळणाऱ्या तीन होत्या : पँगो, क्यूटी आणि आयसीयू. एकाच यंत्रावर, एकाच टंकात, एकच शब्द एका खिडकीत नीट आणि दुसरीत मोडका दिसे. दोष टंकाचा की जुळणारीचा, हे सामान्य लेखकाला उमगत नसे. नंतरच्या काळात बेहदाद एस्फहबोद यांनी नव्याने रचलेल्या ‘हार्फबझ’भोवती ही सारी कामे एकवटली. हे एकीकरण मराठीच्या दृष्टीने कोणत्याही नव्या टंकापेक्षा अधिक मोलाचे ठरले, असे आमचे मत आहे.

श आणि ल यांच्या मराठी वळणाचा प्रश्न याहून नाजूक. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयाने देठाचा श आणि पाकळीचा ल ही रूपे प्रमाण ठरवली. युनिकोडच्या दृष्टीने मात्र मराठी ल आणि हिंदी ल एकच. कोणते वळण दाखवावे हे टंकाला कळण्यासाठी मजकुराची भाषा मराठी आहे असे कोणीतरी सांगावे लागते. ते सांगणारी माहिती प्रणालीच्या भाषाविषयक पॅकेजांत असते. तेथे भाषेची खूण नसली, तर टंकात मराठी वळण असूनही ते झाकलेलेच राहते. म्हणून काहींनी मराठी वळणच मूळ धरून स्वतंत्र टंक बांधणे पसंत केले.

भाषेची हीच खूण बांधणीच्या वेळी मात्र विघ्न ठरते. नावांची वर्णानुक्रमे मांडणी भाषेप्रमाणे बदलते. त्यामुळे बांधणाऱ्या यंत्राची भाषा निराळी असली तर पुडक्यातील लेखांचा क्रम बदलतो आणि एकाच संहितेपासून झालेल्या दोन प्रती जुळत नाहीत. काळाची नोंद, जागेचे नाव, लेखांचा क्रम अशा क्षुल्लक गोष्टींनी हा फरक पडतो. डेबियनच्या मंडळींनी २०१३ पासून हे फरक एकेक करून काढण्याचे काम हाती घेतले. त्यांच्या चाचणीत एकच पॅकेज दोनदा बांधतात, आणि दुसऱ्या वेळी यंत्राची भाषा आणि वेळ हेतुपुरस्सर बदलतात. दोन्ही प्रती शेवटच्या अंकापर्यंत सारख्या आल्या तरच बांधणी खरी. पहिल्यापासून अखेरपर्यंत एकच लेखणी, ही लेखनक्रियेच्या समासातील अपेक्षा येथे अक्षरशः मोजली जाते.

इतका खटाटोप कशासाठी, याचे उत्तर २०२४ च्या मार्च महिन्यात मिळाले. ‘एक्सझेड’ ही मजकूर आवळून लहान करणारी एक साधी आज्ञावली. तिचा भार अनेक वर्षे एका स्वयंसेवकावर होता. त्याच्या मदतीस आलेल्या आणि ‘जिया टॅन’ हे नाव धारण केलेल्या व्यक्तीने दोनएक वर्षांत विश्वास संपादन केला व ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट ठेवली. २९ मार्च रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी ती उघड केली. दूरच्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब त्यांना खटकला आणि त्याचा माग काढता काढता ते मुळापाशी पोहोचले.

या प्रकरणाचा आपल्या विषयाशी निकटचा संबंध आहे. दुष्ट भाग सर्वांसमोर असलेल्या संहितेत उघडपणे लिहिलेला नव्हता. त्याचा काही अंश चाचणीसाठी ठेवलेल्या अवाचनीय लेखांत दडवला होता. आणि तो जागा करणारी ओळ प्रकाशनाच्या गठ्ठ्यात होती, संहितेच्या सार्वजनिक भांडारात नव्हती. ती ओळ होती ऑटोकॉन्फच्या त्या दुर्बोध विचारपुशीत, जी क्वचितच कोणी वाचत असे. शिवाय ती आधी पाहत असे की बांधणी डेबियनच्या किंवा आरपीएमच्या पुडक्यासाठी चालली आहे काय. तसे असेल तरच ती जागी होई. कोणी आपल्या घरी हाताने बांधू गेला तर काहीच घडत नसे. म्हणजे हल्ला स्वयंचलित बांधणीवरच नेमका रोखला होता. फेडोरा आणि डेबियनच्या चाचणीअवस्थेतील आवृत्त्यांत तो पोहोचला. स्थिर आवृत्त्या बचावल्या.

यावरून स्वयंचलित बांधणी टाकून द्यावी असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. ६४,००० पुडकी हाताने बांधणार कोण? आणि हाताने बांधल्याने ती अधिक विश्वसनीय होतात असेही नाही. तंजावरची प्रत कोणत्या मूळ प्रतीवरून उतरली हे जाणून घेण्यासाठी संपादकाला जी मेहनत करावी लागते ती आपणा सर्वांना ठाऊक आहे. बांधणीची कृती वाचनीय असावी, आणि ती कोणी तरी खरोखर वाचावी, एवढीच अपेक्षा आहे. पहिला भाग तंत्रज्ञांचा आहे. दुसऱ्या भागात भाषेच्या अभ्यासकाला जागा आहे, आणि ती सध्या बहुतांशी रिकामी आहे.

त्या जागेचे स्वरूप नेमके सांगता येते. आरपीएमच्या कृतीत बांधणी झाल्यावर आणि पुडके आवळण्यापूर्वी एक तपासणीची पायरी ठेवता येते. डेबियनच्या कृतीतही तिची सोय आहे. ही तपासणी अपयशी ठरली तर बांधणी तेथेच थांबते. हार्फबझच्या चाचणीसंचात देवनागरी शब्दांच्या याद्या आहेत. मराठीसाठी अशी स्वतंत्र यादी करण्यास यंत्राचे ज्ञान फारसे लागत नाही. लागते ते शब्दांचे. दर्या आणि दऱ्या, आचार्यास आणि आचाऱ्यास. कऱ्हाड, वऱ्हाड, कुऱ्हाड, तऱ्हा, कऱ्हा. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांच्यापुढे प्रत्येक मात्रा. देठाचा श ज्यात श्र, श्च, श्व अशा जोडाक्षरांत शिरतो असे शब्द. ल्ल आणि ल्य. प्रत्येक शब्द दोन्ही वर्णक्रमांनी लिहावा आणि समोर अपेक्षित रूप द्यावे. दोनशे शब्दांची यादी पुरेशी व्हावी. पदव्युत्तर वर्गातील दोघे-तिघे विद्यार्थी एका सत्रात ती सिद्ध करू शकतील, आणि ज्या दिवशी एखाद्या नव्या आवृत्तीत दऱ्यांचा दर्या होईल, त्या दिवशी ते पुडके बांधले जाणार नाही.